पाणघोड्याजवळ अकरा वाजता

"म्हातारीचा बूट!" मनीषा ओरडली.

"पाणघोडा!" गिरीश तिच्यावर ओरडला.

"वर्गातल्या सगळ्यांनी बूट बघितलाय! मीच एकटी राहिलेय!"

"पाणघोडा, पाणघोडा, पाणघोडा!"

मध्ये परात, परातीत कोमट पाण्यात मोड आलेले वाल आणि भोवती वाल सोलत बसलेले आम्ही सगळे. नऊ वर्षांची मनीषा, सहा वर्षांचा गिरीश, सासूबाई, माझी नणंद शरयू आणि मी. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, एक मे, सगळ्यांना सुट्टी. सगळ्यांना म्हणजे ह्यांना सोडून. हे वीज कंपनीत, त्यांना सणावारीही ड्यूटी. तर मुलांना घेऊन दिवसभर कुठेतरी जायचं ठरलं होतं आणि टिपणिसांच्या घरातून कुणी डबा घेऊन बाहेर पडणार म्हणजे त्यात वालाचं बिरडं हवंच. त्यासाठी आदल्या संध्याकाळी अख्खं घर बोटं सुरकुतेपर्यंत सोलत बसलं तरी चालेल. चाळीस वर्षं होऊन गेली, पण ती परात मला अजून दिसते.

"राणीच्या बागेत जाऊ," मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. "झाडं आहेत, सावली आहे. या उन्हात मलबार हिलवर कशाला भाजून घ्यायचं?"

"आई, तूच परवा म्हणालीस बूट बघू!"

"परवा ऊन कमी होतं."

मला राणीच्या बागेतच जायचं होतं. तेही अकरा वाजता, पाणघोड्याजवळ. का, ते त्या खोलीत फक्त मला आणि सासूबाईंना माहीत होतं. पण सासूबाईंच्या पोटात काही राहील तर शपथ. त्या मला इतक्या वेळा डोळे मिचकावत होत्या की शेवटी शरयूनं विचारलं, "आई, डोळ्यात काही गेलंय का गं?"

"वालाचं पाणी उडालं," सासूबाई म्हणाल्या आणि डोळा चोळायला लागल्या.

एरवी अशा वेळी शरयू केवढी हसली असती! पण ती नुसते ओठ मिटून हसली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

आता हिच्याबद्दल सांगायलाच हवं. शरयू तेव्हा तिशीची. एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डावर बसली की आवाज एकदम मऊ, ऐकणाऱ्यानं दोन मिनिटं जास्तच बोलत राहावं असा. पण हसणं म्हणजे! मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात ती एकदा हसली आणि माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. पोटातून यायचं ते हसू. खालच्या मजल्यावरचे डिसोझा छताकडे बघून बायकोला म्हणायचे, "शरयू घरी आली."

आणि तेच हसू तिच्या लग्नाच्या आड येत होतं. कुणी बघायला येणार म्हटलं की आम्ही तिला बजावून बजावून बसवायचो. खाली बघ, ओठ मिटून हस, आवाज करू नकोस. ती बिचारी पोह्यांच्या बशा देईपर्यंत दम धरायची. मग कुणाचे तरी काका वाकून नमस्कार घ्यायचे आणि त्यांचा चष्मा चहात पडायचा. की झालं! त्या फेब्रुवारीत आलेल्यांनी निरोप पाठवला, 'मुलगी तशी बरी आहे, पण उथळ वाटली. फार हसते.' निरोप आणणाऱ्या बाईंना एवढीही अक्कल नाही, शरयूसमोरच सांगून मोकळ्या झाल्या. शरयूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, आता यापुढे मी कुणापुढेही बसणार नाही."

आणि त्या दिवसापासून तिचं हसणंच गेलं. रुसली नाही, रडली नाही. चारचौघींसारखी ओठ मिटून गोड हसायला लागली. बाकीच्यांना वाटलं, चला, पोरगी सुधारली. मला मात्र ते घर खायला उठायचं. एकदा डिसोझांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "शरयूची बदली झाली काय?" मी वर येऊन मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. तिचं लग्न होवो न होवो, मला माझी नणंद परत हवी होती.

आणि तेवढ्यात कर्णिक काकू आल्या. आमच्या ज्ञातीतली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. त्या म्हणाल्या, "बसणार नाही म्हणते ना? मग बसवूच नका. मुलीला कळूच द्यायचं नाही." योजना अशी, की चित्र्यांचा मुलगा बँकेत आहे, तो भावाच्या दोन मुलांना घेऊन राणीच्या बागेत येईल. गुडघ्यांनी साथ दिली तर त्याची आईही येईल. आम्ही आमची मुलं घेऊन जायचं. पाणघोड्याजवळ अकरा वाजता अचानक गाठ पडायची.

"आणि हे बघ हेमलता," काकूंनी मला बजावलं, "नावं घ्यायची नाहीत, ओळख करून द्यायची नाही. नाहीतर तिला संशय येईल. जुनी ओळख असल्यासारखंच वागायचं. ज्याला आधी दिसेल त्यानं म्हणायचं, 'अय्या, तुम्ही इथे कुठे!' बस. पुढचं आपोआप होतं."

"पण ओळखायचं कसं? फोटो तरी?"

"फोटोत काय बघायचंय? चष्मा आहे, निळा शर्ट घालून येईल, बरोबर दोन मुलं. तुमचं वर्णन त्यांना देते. आणखी काय हवं?"

मला पटलं. त्या वेळी पटलं खरं.

"आई, पण अकराच का?" मनीषानं परातीपलीकडून विचारलं. ही पोरगी जन्मतः वकील.

"अकरा वाजता पाणघोड्याला खायला घालतात."

"तुला कसं माहीत?" हे शरयूनं विचारलं.

"पेपरात आलं होतं."

"शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ!" सासूबाई एकदम ओरडल्या. हातातले वाल परातीत टाकून त्या भिंतीवरच्या पंचांगाकडे बघत बसल्या. मी कपाळावर हात मारला. पण मग त्यांनीच तोड काढली. "राहुकाळाचा संबंध उंबरा ओलांडण्याशी. साडेदहाच्या आत घरातून पाय बाहेर टाका, मग कुठेही असा." 

मनीषाला येताना दोन आइस्क्रीम कबूल केली आणि राणीची बाग पक्की झाली.

सकाळी साडेदहाच्या कितीतरी आधी सासूबाईंनी आम्हाला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. गिरीश शरयूच्या मांडीवर बसून तिच्या कानात काहीतरी कुजबुजत होता, मनीषा खिडकीतून बाहेर बघत आइस्क्रीमच्या गाड्या मोजत होती आणि मी पिशवी मांडीवर घेऊन मनातल्या मनात 'अय्या, तुम्ही इथे कुठे' घोकत होते. शरयूनं साधी फिकट पिवळी साडी नेसली होती. मी जरीकाठाची सुचवली तर म्हणाली, "पाणघोड्यासाठी?"

पाणघोड्याच्या डबक्याजवळ पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. पाण्यावर दोन नाकपुड्या. बस, बाकी काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाकपुड्या एकदा बुडाल्या आणि पुन्हा वर आल्या.

"खायला कधी घालणार?" गिरीशनं विचारलं.

"येतील आता."

"तू म्हणालीस अकरा वाजता."

"पाणघोड्याकडे घड्याळ नसतं!"

आणि तेवढ्यात मला दिसला. निळा शर्ट, चष्मा, एका हाताला मुलगी, दुसऱ्या हाताला मुलगा. आई दिसत नव्हती, म्हणजे गुडघ्यांनी दगा दिला असणार. पोरसवदा नाही, बत्तीस-तेहतिसचा असेल. केस विस्कटलेले, चेहरा साधा. मी पदर सारखा केला, दोन पावलं पुढे झाले आणि माझ्या मते अगदी सहज म्हणाले, "अय्या, तुम्ही इथे कुठे!"

तो दचकला. माझ्याकडे बघितलं, मग मुलांकडे बघितलं, मग तोंडभर हसून म्हणाला, "अरे, वा! नमस्कार, नमस्कार! बरं आहे ना सगळं? मुलं काय म्हणतात? निकाल लागला का?"

काय सुंदर नाटक केलं! मी मनात म्हटलं, मुलगा हुशार आहे. "लागला की. दोघंही पास," मी म्हटलं.

"छान, छान," तो म्हणाला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

शरयूनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, कळलं हिला. पण ती वळली. डबक्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

चारही मुलांची मात्र लगेच गट्टी जमली. पाणघोडा काही वर येईना. शेवटी गिरीश त्या माणसाच्या शर्टाला ओढून म्हणाला, "काका, तुम्ही हाक मारा ना त्याला. मोठ्यानं."

"मी? बरं." त्यानं घसा साफ केला, छाती काढली आणि असा काही आवाज लावला म्हणता! "पाणघोडे! उठून उभा राहा!"

आमच्या मागे बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून एक आजोबा डुलकी काढत होते. ते ताडकन उभे राहिले. "उभा आहे, उभा आहे," म्हणाले आणि घाबरून इकडेतिकडे बघायला लागले.

आणि शरयू हसली.

अडीच महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. झाडावरचे कावळे उडाले. पुढच्या पिंजऱ्याजवळची माणसं वळून बघायला लागली. आणि देवाशप्पथ सांगते, त्या डबक्यात पाणी हललं, आधी कान वर आले, मग डोळे, आणि मग ते एवढं थोरलं गुलाबी तोंड उघडून पाणघोडा आमच्याकडे बघायला लागला.

"आत्यानं काढला! आत्यानं काढला!" गिरीश नाचायला लागला.

शरयूनं झटकन तोंडावर हात दाबला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. चोरी पकडल्यावर बघतात तसं बघितलं तिनं, ते फक्त हसली म्हणून. आता हाही गेला, मी मनात म्हटलं. पाणघोडाही परत पाण्याखाली गेला होता.

तो माणूस कठड्यावरून मागे वळला. "बाई," तो शरयूला म्हणाला, "परत एकदा हसा ना."

"काय?"

"परत हसा. आमच्या राजूला नीट दिसला नाही."

"आत्या, हस! आत्या, हस!" चारही मुलं ओरडायला लागली.

"अहो, असं मुद्दाम हसता येतं का कुणाला!" शरयू म्हणाली. आणि म्हणता म्हणताच फुटली. पाणघोडा पुन्हा वर. मुलांचा जल्लोष. आणि तो माणूसही हसत होता, पण कसा? आवाजच नाही! खांदे गदागदा हलताहेत, चष्म्याखालून पाणी वाहतंय, आणि तोंडातून शब्द नाही की आवाज नाही. ते बघून शरयूला आणखी हसू. आजोबाही हसायला लागले. मी कठडा धरून उभी होते. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळत नव्हतं.

मग हत्ती झाला, माकडं झाली, आणि ऊन चढलं तसं आम्ही एका मोठ्या झाडाखाली चादर पसरली. मी डबे उघडले. पुऱ्या, सुकं बिरडं, कैरीचं लोणचं. त्यांच्याकडे नुसते ब्रेड-बटाट्याचे सँडविच होते, तेही चेपलेले. मी बिरडं वाढलं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

आमच्याच ज्ञातीतल्या चित्र्यांचा मुलगा आणि बिरडं म्हणजे काय विचारतो! पण मी म्हटलं, केवढा नाटकी आहे. "वालाचं बिरडं हो," मी डोळे मिचकावून म्हटलं.

तो गोंधळून माझ्या डोळ्याकडे बघत राहिला. मग जेवायला लागला. दोनदा मागून घेतलं.

"यशामामाला आजी रोज ओरडते," त्याच्याबरोबरची छाया मला म्हणाली, "लग्न कर म्हणून. मामा म्हणतो, बघू."

मामा? माझ्या डोक्यात कुठेतरी खट्ट झालं. भावाची मुलं असतील तर मामा कसा? पण तिकडे शरयू त्याला कंपनीतल्या साहेबांची नक्कल करून दाखवत होती, तो आवाज न करता हसत होता, आणि मी म्हटलं, म्हणत असतील काहीतरी लाडानं.

साडेबारा होऊन गेले असतील. मी पाणी आणायला उठले. तर समोरून एक जाडजूड बाई छत्री घेऊन, धापा टाकत, थेट माझ्याकडे आल्या. मागे एक चष्मेवाला, कडक इस्त्रीचा निळा शर्ट. त्याच्यामागे दोन मुलं. बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि साऱ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्या, तुम्ही इथे कुठे!"

माझ्या हातातली बाटली खाली पडली.

"जरा उशीर झाला," बाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या. "राहुकाळ संपल्याशिवाय मी घरातून निघत नाही. बारा वाजेपर्यंत थांबलो. मुलगी कुठली?"

"आई, ऊन फार आहे," निळा शर्ट नाकातून म्हणाला. "बघ आणि चल."

मी वळून झाडाखाली बघितलं. मग हा कोण? माझ्या हातचं बिरडं खाणारा, सकाळपासून माझ्या नणंदेला हसवणारा हा माणूस कोण? "एक मिनिट हं," मी बाईंना म्हटलं आणि तरातरा झाडाखाली गेले.

"अहो, तुमचं नाव काय?"

तो पुरी हातात धरून उभा राहिला. चेहरा पडला. "यशवंत आंबेरकर," तो म्हणाला. "शाळेत चित्रकला शिकवतो. आणि खरं सांगू का, मला माफ करा. मला पालकांचे चेहरे कधीच लक्षात राहत नाहीत. तुम्ही एवढ्या आपुलकीनं हाक मारलीत, मग 'तुम्ही कोण' असं कसं विचारणार? सकाळपासून आठवतोय. तुम्ही नक्की कुणाच्या आई?"

शरयू जी हसली ती थेट चादरीवर आडवीच झाली. छाया, राजू, मनीषा, गिरीश, सगळी तिच्यावर पडली. आंबेरकरांचे खांदे हलायला लागले.

माझ्यामागे छत्रीवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय बाई हसते ती!" त्या लेकाला म्हणाल्या. "लाजलज्जा काही? आपली मुलगी ही नसो म्हणजे झालं." आणि मग मला, "तुम्ही टिपणीसच ना?"

एक क्षण गेला असेल. त्यात मला सगळं दिसलं. फेब्रुवारीतला निरोप, मिटलेले ओठ, जिन्यातले डिसोझा. बँकेतली नोकरी, आपली ज्ञाती, घरी देवापाशी दिवा लावून वाट बघत बसलेल्या सासूबाई. आणि माझ्या पायाशी लोळून हसणारी माझी शरू.

"नाही हो," मी म्हटलं. "तुमची काहीतरी चूक होतेय. आम्ही आंबेरकर."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, छत्री सावरली आणि टिपणीस शोधायला माकडांच्या दिशेनं निघून गेल्या.

मी वळले तर यशवंत आंबेरकर आ वासून माझ्याकडे बघत होते. "तुम्हीही आंबेरकर?" ते आनंदानं म्हणाले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! गाव कुठलं तुमचं?"

"पुढच्या रविवारी घरी या, सांगते सगळं," मी म्हटलं. "मुलांनाही आणा. बिरडं करते."

संध्याकाळी घरी पोचलो तर सासूबाई दारातच. शरयू मुलांचे पाय धुवायला आत गेली आणि त्यांनी माझा हात धरला. "काय झालं? चित्रे आले होते? पसंत पडली?"

"चित्र्यांना मी नाही म्हटलं, आई."

"अगं बाई! का?"

"दीड तास उशिरा आले. राहुकाळ संपेपर्यंत घरातून निघालेच नाहीत."

सासूबाईंनी पंचांगाकडे बघितलं. राहुकाळाला त्या कशा नावं ठेवणार? आमच्या घरानं उंबरा आधी ओलांडला, त्यांच्या घरानं नंतर, पंचांग दोघांचं एकच. त्या नुसत्या मटकन पाटावर बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पाणघोडा, आजोबा, आंबेरकर, सगळं.

"आपल्यातला आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बिरडं खाल्लं?"

"दोनदा मागून घेतलं."

तेवढ्यात आतून, मोरीतून, गिरीशनं काहीतरी केलं असणार, शरयूचं हसू आलं. भिंती ओलांडून, जिना उतरून गेलं असेल. आणि खालून डिसोझांचा आवाज आला, बायकोला सांगत होते, "शरयू घरी आली."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "रविवारी येऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "पण साडेचारच्या आत ये म्हणावं, मग राहुकाळ लागतो."

पुढचं काय सांगायचं? कर्णिक काकू वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंनी थोडा हट्ट धरला, थोडा सोडला, आणि दिवाळीनंतर शरयू आंबेरकर झाली. ती भेट ठरवून झाली होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आपल्याला पुन्हा मांडून ठेवलं होतं असं तिला वाटलं असतं. तिला वाटायचं ते वाटू दे, म्हटलं, की वहिनीनं एका मास्तरला चुकून कुणीतरी समजून हाक मारली.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिची नातवंडं आली होती. तोच गोंधळ, उद्या कुठे जायचं म्हणून. धाकटीला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते, थोरल्याला मॉल. मध्ये परात, परातीत वाल, भोवती आम्ही. यशवंतरावही सोलत होते, या वयात निम्मे वाल चिरडून टाकतात.

"अकरा वाजता जाऊ या," शरयू म्हणाली. "तेव्हा खायला घालतात. पेपरात आलंय."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून वाल सोलत होती.

"तुला आठवतंय ते?" मी विचारलं.

"वहिनी, गिरीशनं मला बसमध्येच सांगितलं होतं. 'आत्या, आजी म्हणाली, तुला बघायला एक काका येणार आहेत, पण तुला सांगायचं नाही.'"

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. "मग तू उतरून परत का नाही गेलीस?"

"जाणारच होते. पण तू मांडीवर पिशवी घेऊन काहीतरी पुटपुटत होतीस. इतकी घाबरलेली होतीस. म्हटलं, एवढ्या एका वेळी वहिनीसाठी बसू. ओठ मिटून."

"म्हणजे यांना बघितल्यावर तुला वाटलं, हाच तो चित्रे?"

"छे! यांनी तोंड उघडल्या उघडल्या कळलं मला, हा तो नाही." तिनं हात पदराला पुसले. "आठवडाभर आधी चित्रे नाव सांगून एकानं आमच्या कंपनीत फोन केला होता, माझी चौकशी करायला. बोर्डावर मीच. नाकातून विचारतोय, 'त्या टिपणीस फार हसतात म्हणे. लग्नानंतर ती सवय मोडता येईल का, कुणाला विचारता येईल?' मी म्हटलं, 'होल्ड करा.' आणि तसाच ठेवला बराच वेळ. तो आवाज मी कशी विसरेन?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या झाडाखाली निवड मी केली. टिपणीस नाही, आंबेरकर, असं मी म्हटलं. आणि ही बया कठड्याशी उभी राहिल्यापासून सगळं जाणून होती.

"शरू," मी म्हटलं, "चुकीच्या माणसाशी बोलतेय मी, हे तुला पहिल्याच वाक्याला कळलं होतं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते गं. तोंड उघडलंच होतं. पण तेवढ्यात ते आजोबा उभे राहिले, आणि मी हसले." ती यशवंतरावांकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, आता हेही म्हणणार, गप्प बसा. आणि हे म्हणाले, परत हसा."

यशवंतराव परातीवर वाकलेले होते. त्यांचे खांदे हलत होते. आवाज मात्र नव्हता.